कालप्रवासाला निघताना हातात काय द्यायचं?

खडू_फळा
नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. यंदा मुलांनीच हट्ट धरला की नुसते नाच नकोत, विज्ञानाचं नाटक करायचं. गोष्टही त्यांनीच ठरवली: आपल्याच गावातली एक मुलगी काळात मागे जाते, खान्देशात हिंडते आणि परत येते.

अडलंय ते पुढे. तिच्या हातात कोणतं साधन द्यायचं? मुलं डोरेमॉन बघून वाढलेली, त्यामुळे त्यांना पोटावरची पिशवी हवी. अडचण आली की हात घालायचा आणि वस्तू काढायची. मी तसं करून पाहिलं. पहिल्या प्रवेशात कुलूप होतं, तिने यंत्र काढलं, उघडलं. दुसऱ्यात बोरी नदीला पूर आला, तिने यंत्र काढलं, पलीकडे गेली. तिसऱ्या प्रवेशाला मागे बसलेली मुलं चुळबुळ करायला लागली आणि एक जण म्हणाला, "बाई, हिचं काही अडतच नाही." त्या वाक्याने मी दोन दिवस विचारात आहे.

माझं मत असं झालंय की साधनाला जितकं कमी येतं तितकी गोष्ट चांगली होते. तुम्ही मालिकांतून कालप्रवासी पाहिले असतील. त्यांच्या कुठल्या वस्तूने तुम्हाला धरून ठेवलं आणि का, ते सांगा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

गिरणाकाठ
पहिल्यांदा कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून द्या. दोनशे वर्षं मागे जाऊन कोणाच्या दारात जेवण मागणार?

पुणेकर_खान्देशी
मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात. माझा आवडता विषय निघालाय, तेव्हा लांब लिहिणार.

बाई, तुमच्या वर्गातला तो मुलगा जे बोलला तेच 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या निर्मात्यांच्या चाळीसेक वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. त्यातला कालप्रवासी म्हणजे डॉक्टर, त्याच्याकडे 'सॉनिक स्क्रूड्रायव्हर' असतो. ध्वनिलहरींवर चालणारा, पेनाएवढा. तो पहिल्यांदा दिसला १९६८ साली, पॅट्रिक ट्रॉटन हा नट डॉक्टर होता त्या काळात, आणि तेव्हा त्याने काय केलं? गॅसच्या पाइपलाइनवरच्या पेटीचे स्क्रू काढले. बस. स्क्रूड्रायव्हर होता, स्क्रू काढत होता.

पुढे लेखकांना सवय लागली. दार उघडायचंय, सॉनिक. कोणी कोंडलं, सॉनिक. शेवटी १९८२ साली एका कथेत तो सरळ नष्टच करून टाकला, कारण डॉक्टर डोकं चालवायच्या ऐवजी खिशात हात घालायला लागला होता. मालिका २००५ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा तो परत आला आणि आता तर स्कॅनर, रिमोट, वैद्य सगळं तोच. पण नव्या लेखकांनी एक शहाणपणा केला: २००८ च्या एका भागात सांगून टाकलं की हा लाकडावर चालत नाही! विश्वातलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक कुलूप उघडणारी वस्तू आपल्या वाड्याच्या सागवानी दाराला हरते. मला ही मर्यादा फार आवडते. तिच्यामुळे ती वस्तू खरी वाटायला लागते.

म्हणून बाईंना माझा पूर्ण पाठिंबा. साधन द्या, पण त्याला काय येत नाही ते आधी ठरवा.

केळीबाग
रावेरहून. आमच्याकडे घरात डोरेमॉनच चालू असतो, हिंदीतला, नातवामुळे. त्याच्या पिशवीला नावं ठेवू नका. त्यात एक कापड आहे, 'टाइम फुरोशिकी'. एका बाजूने झाकलं तर वस्तू जुनी होते, उलटं करून झाकलं तर नवी. मी नातवाला म्हटलं, हे मला पाहिजे. केळी लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्ष जातं बाबा. मग कच्च्या घडाला पिकवायच्या खोलीत गॅस सोडा, तापमान सांभाळा, दिवस मोजा. एक कापड टाकलं की झालं!

नातू म्हणाला, आजोबा, कापड काढायला उशीर झाला तर सगळा घड काळा. पोराचं उत्तर बरोबर आहे. त्या कापडात गोष्ट आहे ती तेवढ्यातच: वेळेवर उचलावं लागतं.

आणि बाई, एक सूचना. आमच्या रावेर-यावलकडे ळ चा य होतो, तुमच्याकडेही होतोच. तुमची मुलगी स्टेजवरून 'काळाचं यंत्र' म्हणेल आणि ऐकू येईल 'कायाचं यंत्र'. लोकांना वाटेल गावात सरकारी आरोग्य शिबिर आलंय.

खडू_फळा
@केळीबाग काका, तालमीत नेमकं हेच झालंय! मी बदलणार नाही. आमच्या मुली जशा बोलतात तशाच बोलतील.

घड्याळदुरुस्ती
धुळ्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी फार मालिका बघत नाही, पण भाच्याने 'डार्क' ही जर्मन मालिका दाखवली, २०१७ ते २०२० मधली. तिच्यातलं यंत्र पितळी पेटीतलं आहे. झाकण उघडलं की चाकं, दांडे, दातेरी चक्र्या. ते एक घड्याळजी बनवतो. काळाचं यंत्र घड्याळजीच बनवणार, दुसरा कोण, हे मला त्या मालिकेचं फार पटलं. त्यात माणसं तेहेतीस-तेहेतीस वर्षांच्या अंतराने जातात-येतात. मनाला येईल त्या साली जाता येत नाही. मोठ्या चाकाचा एक फेरा होतो तेव्हा छोटं कितीदा फिरतं हे ठरलेलं असतं, तसंच.

@पुणेकर_खान्देशी यांचं मर्यादेबद्दलचं म्हणणं मान्य, पण एक जोडतो. साधनाचं आतलं दिसलं पाहिजे. पेनासारखी वस्तू रोखली आणि उजेड पडला, यात मुलाला कळतं काय? चावी दिली की स्प्रिंग आवळते, स्प्रिंग सैल होताना चाक फिरतं, हे दिसतं. मुलांना दिसू द्या.

जंक्शन_भुसावळ
रेल्वेतून निवृत्त. घड्याळवाल्या भाऊंचं बरोबर, पण बिघडणाऱ्या यंत्राला विसरू नका.

'क्वांटम लीप' मध्ये (१९८९ ते १९९३) सॅम बेकेट भूतकाळात दुसऱ्या कोणाच्या तरी जागी जाऊन पडतो. तो का आलाय आणि काय दुरुस्त करायचंय हे त्यालाच माहीत नसतं. त्याचा मित्र अल हा भविष्यातून फक्त प्रतिमेच्या रूपात दिसतो आणि त्याच्या हातात एक छोटं यंत्र असतं, झिगी नावाच्या महासंगणकाला जोडलेलं. ते यंत्र कधीच सरळ चालत नाही. अल त्याला थापडा मारतो, हलवतो, मग ते कुरकुरत काहीतरी टक्केवारी सांगतं. आम्ही दूरदर्शनच्या काळात टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली नाही का? तीच थाप. तेव्हापासून मला ती मालिका घरची वाटते. आणि यंत्राने सांगितलेली टक्केवारी निम्म्या वेळा चुकते, मग सॅमला समोरच्या माणसाकडे बघून ठरवावं लागतं.

दुसरं, 'स्टार ट्रेक'चा १९६७ चा एक भाग. भविष्यातले अंतराळप्रवासी कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये अडकतात. स्पॉकच्या हातातल्या ट्रायकॉर्डर या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रामध्ये सगळा इतिहास साठवलेला आहे, पण तो बघायला जोडणी करावी लागते आणि त्या काळात मिळतात फक्त रेडिओचे व्हॉल्व्ह आणि तारा. तो भाड्याच्या खोलीत बसून त्यातूनच जोडतो. आमच्या लोको शेडमधले जुने फिटर असेच होते. सुटा भाग आला नाही म्हणून गाडी उभी राहिली, असं त्यांनी होऊ दिलं नाही. बाई, तुमच्या मुलीचं यंत्र मधेच बंद पडू द्या आणि तिला त्या काळातल्या वस्तूंनी ते दुरुस्त करू द्या.

गिरणाकाठ
सगळे मोठे लोक मर्यादा-मर्यादा करताय. मुलांना काय हवंय ते कोणी विचारलं? मी एफवायला आहे, डोरेमॉन बघून मोठा झालो, आणि मला त्या पिशवीतून दर वेळी नवीन काय निघतं याचंच कुतूहल असायचं. गोष्टीत नियम असावेत हे मोठेपणी कळतं. सहावीच्या पोराला चमत्कार हवा असतो.

पुणेकर_खान्देशी
@गिरणाकाठ चमत्कार हवाच. पण आठवून बघ, डोरेमॉनची वस्तू शेवटी त्यातल्या नोबिता या मुलावरच उलटते. तो ती हावरेपणाने वापरतो आणि फसतो. पिशवी अमर्याद आहे, नोबिता नाही. ती मालिकासुद्धा नियमावरच चालते.

गिरणाकाठ
हे मान्य. बाईंच्या नाटकात यंत्र उलटलं का एकदा तरी?

खडू_फळा
नाही उलटलं. हे लिहून घेते.

सातपुड्याखाली
नंदुरबारचा. साधनाच्या आधी वाहनाचं बोला. डॉक्टरची टार्डिस बाहेरून लंडनची निळी पोलीस पेटी, आतून अवाढव्य. १९६३ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा अशा पेट्या रस्तोरस्ती होत्या. आत टेलिफोन, पोलिसांना ठाण्याशी बोलायला. यंत्र जिथे उतरेल तिथल्यासारखं रूप घेणार असं कथेत होतं, पण रूप बदलणारी यंत्रणा बिघडली आणि पेटी कायमची पेटीच राहिली. खऱ्या पेट्या पुढे रस्त्यांवरून गेल्या. आता ते निळं खोकं बघून लोकांना पोलीस नाही, डॉक्टर आठवतो.

आपल्याकडे तसं काय होतं? पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओची, सार्वजनिक फोनची खोली! काचेचं दार, आत लाल आकडे पळणारं मीटर, बाहेर रांग. आमच्या नंदुरबार स्टँडवर अशा चार होत्या, आता एकही नाही. तुमच्या मुलीला त्यात शिरू द्या. मीटरवर रुपयांच्या ऐवजी सालं पळतील.

केळीबाग
मीटरवर सालं पळतील! भाऊ, हे काम झालं. पुठ्ठा मी देतो, केळीच्या निर्यातीची खोकी पडलीत माझ्याकडे. पिवळा रंग तेवढा आणा.

जंक्शन_भुसावळ
आतून मोठं असण्याबद्दल: उन्हाळ्याच्या सुट्टीत जनरल डब्यात ज्याने प्रवास केला त्याला टार्डिसचं नवल वाटणार नाही. बाहेरून बघितलं तर पाय ठेवायला जागा नाही, आत शिरलं की आणखी वीस जण मावतात.

अहिराणी_माय
बाई, तुम्हनं नाटक भारी शे. मी त्या इंग्रजी सीरियल दखेल नही, पन नातीनं एक गोट सांगी ती लिखस. बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी मराठीत लिहिते.

नात सांगत होती की त्या डॉक्टरकडे एक कोरा कागद असतो, चामड्याच्या पाकिटात. समोरच्याला दाखवला की त्यावर ओळखपत्र दिसतं, निमंत्रण दिसतं, जे दाखवायचं असेल ते दिसतं. असतो मात्र कोराच. मी तिला म्हटलं, अगं, कोऱ्या कागदाची गोष्ट तर आपल्या तापीकाठची आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने मोठे, नमस्कार लिहावा तर वयाने लहान. काही सुचेना म्हणून कोराच कागद पाठवला. मुक्ताईने तो बघितला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या.

चौदाशे वर्षं जगलेला माणूस म्हणजे कालप्रवासीच की. आणि त्याचं साधन कोरा कागद.

पुणेकर_खान्देशी
@अहिराणी_माय मावशी, तुमची ही पोस्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्या मालिकेत २००७ चा एक भाग आहे, डॉक्टर शेक्सपिअरला भेटतो आणि तोच कागद दाखवतो. सगळ्या जगाला त्यावर काही ना काही दिसतं, शेक्सपिअर बघतो आणि म्हणतो, हा कोरा आहे. त्याची प्रतिभा इतकी की त्याला फसवता येत नाही. मुक्ताईचंही तेच! कोऱ्याला कोरा म्हणणारी ती एकटी. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, शेजारी ठेवायचं सुचलं नाही.

गिरणाकाठ
चांगदेव म्हणजे चाळीसगावजवळ पाटणादेवीला ज्यांचा शिलालेख आहे तेच ना? मग ते गणितीही होते.

पाटणची_वाट
नाही, दोन वेगळे चांगदेव. ही गल्लत नेहमी होते. योगी चांगदेवांचं मंदिर मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर. पाटणचे चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातले ज्योतिषी. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, तो शिलालेख १२०७ सालचा.

आता विषय निघालाच आहे तर बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात 'यंत्राध्याय' म्हणून एक प्रकरण आहे, काळ मोजायच्या आणि आकाश बघायच्या साधनांचं. घटीयंत्र: तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडेपर्यंत एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. लग्नात मुहूर्ताला जी घटिका बुडायची ती हीच. शंकू आहे, चक्र आहे, फलक यंत्र त्यांचं स्वतःचं. पाऱ्याने भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचीही कल्पना आहे. ते चाक प्रत्यक्षात कधीच फिरत राहणार नाही, भौतिकशास्त्र त्याला परवानगी देत नाही, पण अशा चाकाची स्वप्नं माणूस बाराव्या शतकात बघत होता हे मला थोर वाटतं.

आणि या सगळ्या यंत्रांच्या शेवटी ते सांगतात 'धीयंत्र'. धी म्हणजे बुद्धी. हातात एक साधी काठी, बाकी सगळं डोक्यात. त्या काठीवरून नजर लावून बांबूची उंची काढा, अंतर काढा, पाण्यातल्या प्रतिबिंबावरून मोजा. सगळ्या यंत्रांत हे श्रेष्ठ असं त्यांचं म्हणणं. सॉनिक स्क्रूड्रायव्हर का मोडावा लागला याचं उत्तर आठशे वर्षांपूर्वी आपल्या चाळीसगावच्या डोंगरात शिकवलं जात होतं.

घड्याळदुरुस्ती
भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नाची गोष्ट खरी का? घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बंद झालं, मुहूर्त टळला.

पाटणची_वाट
ती दंतकथा. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती सापडते. भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. पण गोष्ट म्हणून सुंदर आहे, काळ मोजणारं साधन एका मोत्याने अडतं.

सातपुड्याखाली
धीयंत्रावरून आठवलं. 'व्हॉयेजर्स' नावाची जुनी अमेरिकन मालिका, १९८२-८३, वीसच भाग. त्यात 'ओम्नी' नावाचं खिशातल्या घड्याळासारखं यंत्र. इतिहास बिघडला असेल तर लाल दिवा, नीट झाला की हिरवा. पण काय बिघडलंय ते यंत्र सांगत नाही, त्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तक असतं. पहिल्याच भागात ते पुस्तक एका मुलाचा कुत्रा हिसकावतो आणि मागेच राहतं! मग तो मुलगाच बरोबर जातो, कारण त्याचे वडील इतिहासाचे प्राध्यापक होते आणि त्याला सालं, माणसं पाठ असतात. कालप्रवासी मोठा, बलदंड, पण दर वेळी त्या पोराला विचारतो, आता काय? बाई, तुमच्या सातवीच्या मुलीला तेच काम द्या.

केळीबाग
म्हणजे अभ्यास करायला सांगायचं नाटकाच्या नावाखाली! नातवाला हा धागा दाखवणार नाही.

पुणेकर_खान्देशी
रात्री झोप लागली नाही, एक गोष्ट राहून गेली होती. वर मी म्हटलं की सॉनिक पहिल्यांदा १९६८ च्या कथेत दिसला. ती कथा सहा भागांची. त्या सहातला एकही भाग आज पूर्ण शिल्लक नाही. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात जुन्या टेप पुसून त्यावर नवे कार्यक्रम भरले, तेव्हा टेप महाग होती. 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग असे गेले.

पण आवाज वाचला. गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज आहे, कारण त्या वेळी काही मुलांनी घरात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. कोणी सांगितलं नव्हतं. आवडलं म्हणून भरलं. २०२० मध्ये त्याच आवाजावर चित्रं काढून ती १९६८ ची कथा पुन्हा लोकांसमोर आली.

काळात मागे-पुढे जाणाऱ्या डॉक्टरला स्वतःचे भाग परत आणता आले नाहीत. ते आणले टेपरेकॉर्डरने. मला आता वाटतंय की बाईंच्या मुलीच्या हातात तोच द्यावा.

जंक्शन_भुसावळ
वा. याला जोडून आमच्या गावचं सांगतो. रॉबर्ट गिल नावाचा ब्रिटिश अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं उतरवत होता, वर्षानुवर्षं, मोठमोठ्या कॅनव्हासवर. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. त्याने मधल्या काळात कॅमेरा हातात घेतला होता, दोन भिंगांचा, फोटो खोल दिसावा म्हणून. ते फोटो राहिले. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर इथे भुसावळला आहे. मी निवृत्त झाल्यावर ती शोधत गेलो होतो. वीस वर्षांची चित्रं गेली आणि हातातल्या पेटीने टिपलेलं उरलं, हे तिथे उभं राहून फार जाणवलं.

अहिराणी_माय
टेपचं काढलंत म्हणून लिहिते. कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी सासू शिंदखेड्याकडची. श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसायची तेव्हा सासू रात्रभर गायची. अहिराणी गाणी, तिच्या आईकडून आलेली, कुठे लिहिलेली नाहीत. माझ्या दिराने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर एका वर्षी तिची दोन बाजू भरून गाणी घेतली. मध्येच ती थांबून म्हणते, "चुल्हावरनं दूध दखा वं", ते पण त्यात होतं. ती गेल्यावर चार-पाच वर्षांनी आम्ही कॅसेट लावली. सिनेमाची गाणी लागली. घरातल्याच कोणीतरी रिकामी समजून भरली होती. कोणी ते मी लिहिणार नाही, तो लहान होता.

कॅसेटच्या अगदी शेवटी, सिनेमाचं गाणं संपल्यावर, अर्धा मिनिट ती ऐकू येते. तेवढंच पुसायचं राहिलंय.

गिरणाकाठ
मावशी.

घड्याळदुरुस्ती
ताई, ती कॅसेट पुन्हा-पुन्हा वाजवू नका. एकदा चांगल्या डेकवर लावून मोबाइलमध्ये उतरवून घ्या. माझ्याकडे चालू डेक आहे, हेड साफ करून ठेवतो. धुळ्याला येणं होईल तेव्हा या, पाच मिनिटांचं काम.

पाटणची_वाट
बाईंना एक सुचवतो. मुलीला रेकॉर्डर घेऊन आसोद्याला किंवा जळगावला पाठवा, बहिणाबाई चौधरींकडे. त्यांना लिहिता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर त्या गात गेल्या. मुलाने सोपानदेवांनी आणि एका नातलगाने जे टिपलं तेवढं आपल्याकडे आलं. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक १९५२ चं. त्यांचा आवाज ऐकलेलं माणूस आता कुठे सापडणार!

सातपुड्याखाली
कल्पना डोळ्यांत पाणी आणणारी आहे, पण धोका आहे. मुलगी परत आल्यावर कॅसेट लावणार, प्रेक्षकांना काय ऐकवणार? आपण रचलेलं गाणं बहिणाबाईंच्या नावावर घालायचं? ते करू नका. जे हरवलं ते आपण बनवून दाखवलं तर खरं-खोटं कोण सांगणार?

पुणेकर_खान्देशी
@सातपुड्याखाली अगदी बरोबर. पण रेकॉर्डरचा एक मोठा गुण यातून दिसतो. कालप्रवासात नेहमीचा घोळ हा की तिथली एक वस्तू हलवली की इथलं जग बदलतं. रेकॉर्डर काहीच हलवत नाही. गाणारी गाते, गाणं तिच्याकडेच राहतं आणि आपल्याकडेही येतं. ओम्नीचा दिवा हिरवाच.

खडू_फळा
तुम्ही सगळ्यांनी मला नाटक लिहून दिलंत. काल शाळेत मुलांशी बोलले, आता ठरलेलं सांगते.

मुलगी पीसीओत शिरते, मीटरवर सालं मागे पळतात. हातात पोटपिशवी नाही. एक टेपरेकॉर्डर आणि एकच साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. ती कोणा प्रसिद्ध माणसाकडे जात नाही, स्वतःच्या पणजीकडे जाते. पणजी जात्यावर बसलेली. कोपऱ्यात घटिकापात्र सोडलेलं, ते बुडालं की पीसीओचं दार बंद. काका, तुमचं उशिरा कापड काढणं इथे आलं. मध्येच रेकॉर्डर अडकतो आणि ती काडीने कॅसेटचं चाक फिरवून फीत आवळते. भुसावळच्या काकांचं हे. आणि @गिरणाकाठ, यंत्र उलटतं: पहिली दहा मिनिटं ती स्वतःच बडबडत राहते, पणजीला प्रश्न विचारत, आणि नंतर कळतं की फितीवर हिचाच आवाज जास्त भरलाय. उरलेल्या वेळात तिला गप्प बसून ऐकावं लागतं. ही कल्पना त्याच मुलाची, ज्याने "हिचं काही अडतच नाही" म्हटलं होतं.

कॅसेटमधून प्रेक्षकांना काय ऐकू येणार याचंही उत्तर मुलांनीच दिलं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन खरी गाणी भरून आणायची. सात घरं ठरली आहेत.

एक अडचण. स्टेजवर चोवीस मिनिटं घटिका कशी बुडवायची? प्रवेश सहा मिनिटांचा आहे.

घड्याळदुरुस्ती
छिद्र मोठं करायचं. पत्र्याची वाटी घ्या, आधी बारीक खिळ्याने पाडा, बादलीत सोडून वेळ मोजा, मग कानशीने थोडं-थोडं वाढवत न्या. एकदम मोठं पाडलं तर परत लहान करता येत नाही. सहा मिनिटं मिळाली की थांबा. आणि पाण्यात कचरा नको, लीलावतीचा मोती व्हायला वेळ लागत नाही.

केळीबाग
खोकी रविवारी पारोळ्याच्या स्टँडवर पोचवतो. पीसीओची पाटी मात्र मीच रंगवणार.

जंक्शन_भुसावळ
रेकॉर्डर माझा घ्या. बटणं दणकट आहेत, एकच सवय आहे त्याला, चालू होताना वरून एक थाप लागते. मुलीला सांगून ठेवा.

अहिराणी_माय
बाई, सात घरांत माझं आठवं घाला. परवाच भाचीला घेऊन धुळ्याला जाऊन आले, भाऊंनी ते अर्धं मिनिट मोबाइलमध्ये उतरवून दिलं. ते ऐकता-ऐकता मागची गाणी ओठांवर यायला लागली. कानबाईची सहा मला अख्खी येतात. सातव्याची दोनच कडवी आठवतात, तिसऱ्याची चाल येते, शब्द येत नाहीत. पोरांना घेऊन लवकर या. शिंदखेड्याला सासूची धाकटी बहीण आहे, नव्वदीची, तिला विचारून ठेवते.